प्रश्नावली छापण्याआधी : सेवा घेणाऱ्या माणसांना संशोधनात सोबत कसं घ्यायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) किंवा विशेष शिक्षणाचं बी.एड. करणाऱ्या मुलामुलींना शेवटी प्रबंध लिहावा लागतो. विषय बहुधा ठरलेले असतात : समावेशक शिक्षण (दिव्यांग मुलांनी बाकीच्यांसोबत एकाच वर्गात शिकणं), दिव्यांगांची पेन्शन, पालकांच्या अडचणी, बचत गट. प्रश्नावली तयार होते, पन्नास-साठ झेरॉक्स निघतात आणि पोरं गावोगाव फिरून त्या भरून आणतात. ज्यांच्याबद्दल हे सगळं लिहायचं, ती माणसं त्यात उत्तर देण्यापुरती येतात. हा लेख पहिल्यांदाच प्रबंधाला हात घालणाऱ्यांसाठी आहे. ही माणसं प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष तपासण्यापर्यंत सोबत असावीत, यासाठी काय करायचं ते क्रमानं सांगते.

माझा पहिला प्रबंध असाच भरून आणलेला होता. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या वाटेवरच्या एका वाडीत एक घर होतं. ओसरीवर गोधडीला टेकून चौदा-पंधरा वर्षांची मुलगी बसली होती. तिला सेरेब्रल पाल्सी होती, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा नव्हता; बोलता येत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून तिच्या आईला विचारत होते, ''तिला स्वतःच्या हातानं जेवता येतं का? तिला शाळेत जावंसं वाटतं का?'' आई म्हणाली, ''न्हाई, तिला न्हाई आवडत.'' मी 'नाही'वर खूण केली. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू आलं म्हणून आई आत गेली. दारात उभा असलेला धाकटा भाऊ म्हणाला, ''तिलाच विचारा की ओ. हो म्हणायचं असलं की ती वर बघती.'' मी तिच्याकडे वळून तोच प्रश्न परत विचारला. तिनं छताकडे पाहिलं, आणि नजर तिथंच ठेवली.

माझ्या कागदावर तिच्यासाठी रकानाच नव्हता. मी आईचं उत्तर तसंच ठेवलं. तो कागद आजही कुठल्यातरी ग्रंथालयात बांधून पडला आहे, आणि त्यात एका मुलीचं उत्तर उलटं लिहिलेलं आहे. त्यानंतर मी जे शिकले ते इथं देते.

आधी शब्द

सरकारी कागदावर या माणसांना 'लाभार्थी' म्हणतात. त्या शब्दात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. संशोधनाच्या पुस्तकांत 'सर्व्हिस यूजर' असतं. मी सरळ 'सेवा घेणारे' म्हणते : पेन्शन, विशेष शाळा, फिजिओथेरपी, मानसिक आरोग्याचे उपचार, कुठलीही सेवा प्रत्यक्ष घेणारी व्यक्ती. आई-वडील, भाऊ-बहीण हे सांभाळणारे. दोघांचं म्हणणं महत्त्वाचं आहे, पण ते एकच नाही. लिहून घ्यायला सुरुवात कराल तेव्हापासून दोन वेगळ्या वह्या ठेवा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्रातल्या बातम्यांत 'दिव्यांग' ऐकू येतं, कर्नाटक सरकारच्या कागदावर 'विकलचेतन' असतं, घरात अजून 'अपंग'च म्हणतात आणि जुनी माणसं त्याहून वाईट बोलतात. 'मंदबुद्धी', 'वेडा', 'मुका' हे शब्द आपल्या कागदात येऊ देऊ नका. बाकीच्यात कोणता वापरायचा ते समोरच्यालाच विचारा. मला एका गृहस्थांनी सांगितलं होतं, ''मला अपंग म्हणा, पण आधी नाव घ्या.''

ही रीत आली कुठून

थोडक्यात सांगते, कारण तोंडी परीक्षेत विचारतात. ब्रिटनमधल्या 'यूपिआस' या अपंगांच्याच संघटनेनं १९७६ मध्ये मांडलं, की शरीरातली उणीव वेगळी आणि समाजानं उभे केलेले अडथळे वेगळे. माणूस अपंग होतो तो त्या अडथळ्यांमुळे. माईक ऑलिव्हर हे स्वतः व्हीलचेअर वापरणारे प्राध्यापक. त्यांनी १९९२ मध्ये हाच प्रश्न संशोधनाला लावला : अपंगांवरच्या संशोधनाची सूत्रं कोणाच्या हातात असतात, आणि त्यातून कोणाचं भलं होतं? इंग्लंडमध्ये २००३ पासून सोशल वर्कची नवी पदवी सुरू झाली, तेव्हा विद्यार्थ्यांची निवड, शिकवणं आणि मूल्यमापन यांत सेवा घेणाऱ्यांना आणि सांभाळणाऱ्यांना सामील करून घेणं कॉलेजांवर बंधनकारक झालं.

संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार १३ डिसेंबर २००६ ला मंजूर झाला आणि भारतानं १ ऑक्टोबर २००७ ला त्यावर शिक्कामोर्तब केलं. दिव्यांगांबाबतचे निर्णय त्यांच्याशी सल्लामसलत करून, त्यांना सामील करून घ्यावेत, असं त्याच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे. 'आमच्याविना आमच्याबद्दल काही नको' ही जगभरच्या चळवळीची घोषणा. त्या करारातूनच आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, इथं एकवीस आहेत.

पायरी १ : वही न घेता जा

गाईडनं विषय दिला असला तरी प्रश्न अजून ठरलेले नसतात. ते ठरण्याआधी दोन-तीन वेळा लोकांकडे जा, आणि हातात कागद नको. कागद दिसला की माणूस 'सर्व्हेवाले आले' म्हणून सावरून बसतो आणि पेन्शनचं गाऱ्हाणं सांगायला लागतो. त्यात त्याची चूक नाही. आजवर कागद घेऊन येणाऱ्या प्रत्येकानं त्याला तेच विचारलं आहे.

माणसं शोधायची कशी? कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर 'व्हीआरडब्ल्यू' म्हणजे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो आणि तालुक्याला 'एमआरडब्ल्यू' म्हणजे बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता. व्हीआरडब्ल्यू बहुतेक ठिकाणी स्वतः दिव्यांग असतात, गावाची त्यांना खडा न् खडा माहिती असते. पहिली ओळख त्यांच्याकडून करून घ्या, पण सगळी माणसं त्यांच्याकडूनच घेऊ नका. याची दोन कारणं. एक, ते त्याच तीन-चार बोलक्या माणसांकडे नेतात. दुसरं, पेन्शनचे कागद त्यांच्या हातून जातात, त्यामुळे त्यांनी आणलेल्या पाहुण्याला 'नको' म्हणायला लोक घाबरतात. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी, भजनी मंडळ, बचत गट, विशेष शाळेच्या फाटकाबाहेर मुलांची वाट बघत बसणाऱ्या आया, असे दुसरे रस्तेही धरा. ज्यांच्याकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं सरकारी ओळखपत्र) किंवा दाखला नाही अशी माणसं मुद्दाम शोधा. सरकारी यादीत ती कधीच सापडणार नाहीत.

मग विचारायचं काय? एवढंच : ''तुमच्या बाबतीत कुणीतरी नीट शोधून काढावं असं काय आहे?'' थोडा वेळ काही उत्तर येणार नाही. घाई करू नका.

माझ्या एका विद्यार्थिनीनं 'समावेशक शिक्षणाबाबत शिक्षकांचा दृष्टिकोन' हा विषय घेतला होता. बेळगाव तालुक्यातल्या एका गावात ऐकू न येणाऱ्या मुलांच्या आयांना तिनं वरचा प्रश्न विचारला. एक आई म्हणाली, ''घरात आम्ही मराठी बोलतो. स्पीचच्या बाई कन्नड शिकवतात. शाळेतली पुस्तकं इंग्रजी. आता पोरानं ओठ कुठल्या भाषेचे वाचायचे?'' त्या विद्यार्थिनीनं विषय तिथंच फिरवला. पुण्या-मुंबईत बसून हा प्रश्न कुणाला सुचला नसता, आणि बेळगावच्या कॉलेजात बसूनही सुचला नव्हता.

आपल्या भागात असे प्रश्न ठिकठिकाणी दबा धरून आहेत. चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडच्या मुली इकडे सुना म्हणून येतात, इकडच्या तिकडे जातात. दिव्यांगत्वाचा दाखला कायद्यानं देशभर चालतो, पण पेन्शन आणि बसपास ज्या त्या राज्याचे. लग्न करून सीमा ओलांडणाऱ्या बाईच्या कागदांचं पुढं काय होतं? उपचारांना मिरज-कोल्हापूरला जाणाऱ्या कुटुंबाचा पाठपुरावा इथं कोण करतं? निपाणीत बिड्या वळणाऱ्या बाईचा हात किंवा नजर अधू झाली, तर तिचं काम घरात कोण करतं? हे प्रश्न मी सुचवते आहे, पण तुमच्या गावातली माणसं याहून नेमके सांगतील.

पायरी २ : किती सोबत घेणार ते खरंखरं ठरवा

शेरी अर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला नुसता देखावा, वर लोकांच्या हातात कारभार. तुमच्या कामापुरते तीन टप्पे पुरेत. पहिला, सल्ला घेणं : ते बोलतात, निर्णय तुमचा. दुसरा, बरोबरीनं काम : प्रश्न, मुलाखती, अर्थ लावणं यांत त्यांचा वाटा. तिसरा, काम त्यांचंच आणि तुम्ही मदतीला.

सहा महिन्यांच्या प्रबंधात तिसरा टप्पा जमणं कठीण आहे, आणि पहिला जमला तरी लाज वाटायचं कारण नाही. मात्र सल्ला घेऊन 'सहसंशोधन' असं नाव देऊ नका. लोकांनाही पहिल्याच बैठकीत सांगा, की कशात तुमचं म्हणणं चालेल आणि कशात विद्यापीठाचे नियम आडवे येतील.

पाच-सहा जणांचा छोटा सल्लागार गट करा. एकट्या दिव्यांग व्यक्तीला दहा प्राध्यापकांच्या समितीत बसवू नका, ती गप्प बसते. किमान दोघं-तिघं असावेत, त्यात बायका असाव्यात आणि वेगवेगळ्या प्रकारचं अपंगत्व असावं.

पायरी ३ : परवानगी आणि संमती

इथं अंग चोरू नका. २०१६ च्या कायद्याचं सहावं कलम संशोधनाबद्दल स्पष्ट बोलतं. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर दोन गोष्टी लागतात : त्या व्यक्तीची मोकळी आणि समजून दिलेली संमती, तीही तिला कळेल अशा माध्यमातून घेतलेली, आणि सरकारनं नेमलेल्या दिव्यांगविषयक संशोधन समितीची पूर्वपरवानगी. या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संघटनेचे असावे लागतात. बऱ्याच कॉलेजांत हे कलम कुणी उघडून बघत नाही. विषय नोंदवतानाच गाईडना ते दाखवा, कॉलेजच्या नीतिसमितीकडे अर्ज करा आणि जिल्हा दिव्यांग कल्याण कार्यालयातही लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

संमतीपत्रावर अंगठा घेणं हा आपल्याकडचा सोपा मार्ग आहे, आणि मला तो सगळ्यात जास्त खटकतो. अंगठा म्हणजे सातबारा, अंगठा म्हणजे कर्ज. अंगठा दिला की माणूस आपलं काहीतरी गेलं असं धरून चालतो. त्याऐवजी कागद मराठीत मोठ्यानं वाचून दाखवा, काय कळलं ते त्याला त्याच्या शब्दांत परत सांगू दे, आणि घरच्या बाहेरचा, आपल्याशी संबंध नसलेला एक साक्षीदार ठेवून तोंडी संमती फोनवर रेकॉर्ड करा. ''नको म्हटलंत तर पेन्शनला काही होणार नाही'' हे वाक्य दोनदा म्हणा.

मुलांच्या बाबतीत आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं पाहा : पालकांच्या संमतीसोबत सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकार लागतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांनाही कायदेशीर पालक नेमता येतो. पालकाची सही झाली तरी त्या व्यक्तीला विचारायचंच. ती हो कशी म्हणते आणि नाही कशी म्हणते, हे घरात पहिल्यांदा विचारून घ्या. वर बघणं, बोट उचलणं, तोंड फिरवणं, कानावर हात ठेवणं, हे सगळं उत्तर आहे. तोंड फिरवलं की त्या दिवशीचं काम संपलं. होकारही एकदाच घेऊन भागत नाही, दर भेटीला परत घ्या.

पायरी ४ : भाषा

सीमाभागात अर्धं काम हेच आहे. प्रश्नावली इंग्रजीत जन्मते, गाईडसाठी कन्नडात जाते आणि ओसरीवर बसून आपण तिचं जाग्यावर मराठी करतो. दर घरात मराठी वेगळं होतं आणि आपल्याला कळतही नाही. मराठी प्रश्न मराठीतच तयार करा, सल्लागार गटाला वाचून दाखवा, मग ज्यानं मूळ पाहिलेलं नाही अशा माणसाकडून कन्नडात करून घ्या आणि जुळवा.

आमच्या एका प्रश्नावलीत होतं, ''तुम्ही रोजच्या कामात स्वावलंबी आहात का?'' बहुतेकांनी 'हो' म्हटलं. चार घरं झाल्यावर एक आजोबा म्हणाले, ''हो की, माझं झालंय, पोराचं अजून यायचंय.'' तेव्हा उलगडलं. यूडीआयडीचं ऑनलाइन पोर्टल 'स्वावलंबन' या नावानं चालतं, त्यामुळे लोकांना वाटत होतं की आम्ही कार्डाबद्दल विचारतोय. मग गटातल्या एका बाईनं प्रश्न बदलून दिला : ''सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कुठल्या कुठल्या कामाला कुणाला तरी हाक मारावी लागते?'' या एका प्रश्नाला लोक अर्धा-अर्धा तास बोलले.

'तुमची मातृभाषा कोणती?' हा प्रश्न इथं साधा नाही. १९५६ पासूनचा सगळा इतिहास त्यामागं उभा आहे, आणि परका माणूस वहीत भाषा लिहायला लागला की घर सावध होतं. उत्तर खरोखर लागणार नसेल तर विचारूच नका. लागत असेल तर कशासाठी ते आधी सांगा आणि असं विचारा : घरात काय बोलता, दवाखान्यात काय बोलावं लागतं, आणि कुठं अडतं?

ऐकू न येणाऱ्यांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषा आधीपासून ठरवा. भाऊ-बहिणीला दुभाषा करू नका, ते आपल्याला सोयीचं तेवढंच सांगतात, आणि काही गोष्टी घरच्यांसमोर बोलायच्या नसतात. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. त्यांचा दहा हजार शब्दांचा कोश ऑनलाइन बघता येतो. पण जी माणसं कधी शाळेतच गेली नाहीत, ती घरच्या खुणा वापरतात. तिथं चित्रं, फोटो आणि भरपूर वेळ लागतो.

अंध व्यक्तींसाठी एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. भारती ब्रेलमध्ये आपल्या भाषांतला एकच उच्चार एकाच ठिपक्यांनी लिहितात. 'क'साठी पहिला आणि तिसरा ठिपका, मराठीतही आणि कन्नडातही. एखाद-दुसऱ्या स्वराचा फरक सोडला तर दोन्ही लिप्या बोटाखाली सारख्याच लागतात. ज्या अक्षरांच्या पाट्यांवरून आपल्याकडे इतकं रण माजतं, ती अंध वाचकाच्या बोटाला एकच आहेत. आता अनेक अंध तरुण फोनवर टॉकबॅक वापरतात, ते पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतं. त्यांना संमतीपत्र युनिकोड मजकुरात पाठवा. कागदाचा फोटो पाठवलात तर टॉकबॅकला तो नीट वाचता येईलच असं नाही.

पायरी ५ : जागा, वेळ, पैसा

बैठकीची खोली स्वतः जाऊन बघून या. तळमजला, दारात पायरी नाही, संडासात व्हीलचेअर आत वळते. रॅम्प 'आहे' असं फोनवर सांगतात, प्रत्यक्षात तो मोटारसायकल चढवायला केलेला असतो. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, हे माप टेप लावून बघा.

खानापूरच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर बैठक ठेवू नका. तिथल्या पावसात धडधाकट माणूसही घराबाहेर पडत नाही. बेळगावला बोलवायचं असेल तर शेवटची बस विचारून मगच वेळ ठरवा. ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसमधून फुकट प्रवास आहे, पण सोबत येणाऱ्या भावाला किंवा नवऱ्याला तिकीट काढावं लागतं, आणि हद्दीपलीकडे कोल्हापूरला जायचं तर ही सवलत नाही. म्हणून सोबत्याच्या भाड्याची रक्कम पहिल्याच अंदाजपत्रकात लिहा.

आणि मोबदला द्या. 'समाजसेवेचं काम आहे, पैसे कशाला' हे गाईड म्हणतील, संस्थाही म्हणेल. बिड्या वळणाऱ्या बाईला दर हजार बिड्यांमागे पैसे मिळतात. तुमच्या बैठकीत तिचे तीन तास गेले की तेवढी मजुरी बुडाली. त्या बैठकीत बसलेल्या प्रत्येक प्राध्यापकाचा पगार चालू असतो, हे मी दरवेळी बोलून दाखवते. किमान दिवसाची मजुरी, भाडं, जेवण, सोबत्याचा खर्च, आणि हातात रोख. काही जणांना भीती वाटते की पैसे घेतले तर पेन्शन बंद होईल. त्यांच्याशी आधीच मोकळं बोला, घ्यायचे की नाही ते त्यांना ठरवू दे. विद्यार्थ्याकडे पैसेच नसतील तर बैठका कमी करा, पण मोबदला कापू नका.

पायरी ६ : सहसंशोधकांची तयारी

गटातल्या दोघं-तिघांना मुलाखती घ्यायला आवडतं. एक दिवस सराव करा : कुणीतरी उत्तर देणारा होतो, कुणीतरी विचारतो, बाकीचे बघतात. रेकॉर्डर चालू-बंद करणं, मध्येच न तोडणं, रडू आलं तर थांबणं, एवढं पुरे. त्यांना 'ट्रेनिंग' देण्याच्या नावाखाली अर्धा प्राध्यापक करू नका. ते जे बघतात ते आपल्याला दिसत नाही, म्हणून तर ते सोबत हवेत. कुबड्या घेऊन आलेल्या मुलाखतकारासमोर लोकांनी मला कधीच न सांगितलेल्या गोष्टी सांगितल्या आहेत.

दोन गोष्टी सांभाळा. कुणालाही स्वतःच्या गल्लीत मुलाखतीला पाठवू नका, गावात बातमी पाण्यासारखी पसरते. आणि दुसऱ्याचं ऐकताना स्वतःचं दुखणं वर येतं, म्हणून दर मुलाखतीनंतर चहाला बसा आणि आधी ''तुम्हाला कसं वाटलं?'' हे विचारा.

पायरी ७ : अर्थ एकत्र लावा

इथं बहुतेक प्रबंध परत कॉलेजात जातात आणि दार लावून घेतात. सगळ्यांत शिकण्यासारखं तर इथंच असतं.

आमची पद्धत साधी आहे. मुलाखतींतली वाक्यं एकेका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहायची, नावगाव काढून टाकायचं, सतरंजीवर पसरायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायची. मग सगळ्यांनी मिळून ढीग करायचे. एकदा विद्यार्थ्यांनी आधीच एक ढीग करून त्यावर नाव लिहिलं होतं, 'पालकांची उदासीनता'. त्यात चिठ्ठ्या होत्या : ''पोराला रोज पाठवत नाही.'' ''थेरपी मध्येच सोडली.'' ''मीटिंगला गेले नाही.'' गटातल्या एका आईनं पहिली चिठ्ठी उचलली, दोनदा वाचायला लावली आणि उठून 'बस'च्या ढिगात ठेवली. ''दहा वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन बस धरायची असते,'' एवढंच म्हणाली. दुसरीनं थेरपीची चिठ्ठी 'मजुरी'कडे सरकवली. वीस मिनिटांत उदासीनतेच्या ढिगात एकही चिठ्ठी राहिली नाही. विद्यार्थ्यांनी ते प्रकरण प्रबंधातून काढलं आणि वाहतुकीवर नवं लिहिलं.

मतभेद झाले तर दोन्ही बाजू लिहा. तुम्हाला एक वाटलं आणि गटाला दुसरं, असं प्रबंधात लिहायला हरकत नाही. परीक्षकाला ते आवडतंसुद्धा.

पायरी ८ : परत जा

प्रबंध जमा करण्याआधी मसुदा घेऊन लोकांकडे जा. दोन पानांचा साध्या मराठीतला सारांश, तोच कन्नडात, आणि व्हॉट्सॅपवर पाठवता येईल असं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग. ओळख लपवताना जपा. ज्या गावात एकच व्हीलचेअर आहे, तिथं नाव काढून 'व्हीलचेअर वापरणारी तरुणी' लिहिलं तरी सगळ्यांना कळतं. गाव बदला, वय बदला, लागलं तर प्रसंग सोडून द्या. याउलट ज्यांनी सहसंशोधक म्हणून राबून काम केलं, त्यांना नाव हवं आहे का ते विचारा. पहिल्या पानावर आपलं नाव छापलेलं पाहायचा त्यांचाही हक्क आहे.

काही वर्षांनी दुसऱ्या कामासाठी मी त्या वाडीत परत गेले होते. मुलगी मोठी झाली होती, ओसरी तीच. तिच्याबद्दल मी जे लिहिलं होतं त्याचा नवा मसुदा तिला एकेक वाक्य थांबून वाचून दाखवला. 'तिला शाळेत जायचं होतं' या वाक्याला ती वर बघेल असं वाटलं होतं. ती माझ्याकडेच बघत राहिली. आईनं दोन-तीन तऱ्हांनी विचारून बघितलं, मग म्हणाली, ''होतं न्हवं, आहे म्हणत असेल.'' मी 'तिला शाळेत जायचं आहे' असं वाचलं. मग तिनं वर पाहिलं. पेन घेऊन मी ते तिच्यासमोर दुरुस्त केलं.

सारांशाची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक व्हीआरडब्ल्यूकडे, एक तालुक्याच्या एमआरडब्ल्यूकडे, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. ती पोच सल्लागार गटाकडे ठेवा. पुढच्या वेळी ग्रामसभेत प्रश्न विचारायचा असेल तर तो कागद त्यांच्या हातात हवा.